‘नॅनो’ नावाच्या पदवीसाठी एवढी फी भरावी का?

बार्शीहून एका आईचे पत्र आहे. मुलगी बारावी सायन्सची, पीसीबी ग्रुप. एमबीबीएस लागेल एवढे मार्क नीटला नाहीत, सीईटी बरी गेली आहे. तिला ‘नॅनोमेडिसिन’ (अतिसूक्ष्म कण वापरून औषध देणे किंवा निदान करणे) करायचे आहे आणि एक खासगी संस्था नॅनोटेक्नॉलॉजीच्या पदवीसाठी भरमसाट फी मागते आहे. भरावी का?

ताई, तूर्त एक रुपयाही भरू नका. मुलीची आवड खरी असू द्या, पण पदवीलाच ‘नॅनो’ लागत नाही. या कामातली बहुतेक माणसे फार्मसी, केमिस्ट्री नाहीतर बायोटेकमधून आलेली असतात. माझे मत बी.फार्म.ला: नंतर जीपॅट (एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा) देऊन फार्मास्युटिक्समध्ये, म्हणजे औषध शरीरात देण्याजोग्या रूपात आणण्याच्या शास्त्रात, एम.फार्म. संशोधनात मन रमले नाही, तरी औषध कंपनीत फॉर्म्युलेशनचे काम हाताशी राहते.

काम नेमके कसले, हेही तिला कळू द्या. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरत होते, आठवते ना? साधे अॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडांना फार बाधते. तेच औषध शंभर नॅनोमीटरहूनही लहान अशा मेदाच्या गोळीत, म्हणजे लायपोसोममध्ये, बसवले की त्रास बराच कमी होतो. कॅन्सरवरचे डॉक्सिल याच धर्तीचे; अमेरिकेत त्याला 1995 मध्येच मान्यता मिळाली. निदानाचे म्हणाल, तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच प्रेग्नन्सी किटवरची लाल रेघ सोन्याच्या नॅनोकणांची असते.

प्रयोगशाळेत मात्र यातली चमक दिसत नाही. लायपोसोम बनवा, मशीनवर कणांचा आकार मोजा, आठवड्याने पुन्हा मोजा. कण एकमेकांना चिकटून मोठे झाले असतील तर बॅच फेकून पहिल्यापासून सुरुवात. पेशंट समोर येत नाही. ‘डॉक्टर’ व्हायचे ते पीएचडी करूनच, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. (आपल्याकडे या गैरसमजातून पुष्कळ रडारड होते.)

पीएचडीच्या काळात घरून पैसे पाठवावे लागतीलच असे नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. माटुंग्याची आयसीटी, आयआयटी मुंबई, पुण्याची आघारकर संस्था ही नावे तेव्हासाठी लिहून ठेवा.

आत्ता बी.फार्म.च्या कॅप फेरीचा (सरकारी केंद्रीय प्रवेशाचा) फॉर्म भरा. उत्पन्नाचा दाखला काढलेला नसेल, तर उद्याच सेतू केंद्रात अर्ज द्या. ऐन प्रवेशाच्या गर्दीत तो वेळेवर हातात पडत नाही.