आमटी हुंगतात का?

चि. पिल्लूस अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर काकूने आमटीचं पातेलं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि तू ओरडलीस, "मला पण हुंगायचीय!" तिकडे सगळे हसले. हुंगणं म्हणजे वास घेणंच ना, मग हसायचं काय, असं तू नंतर गाडीत विचारलंस. रहदारीत धड सांगता येईना, म्हणून लिहून देते.

अर्थ तोच, तुझं बरोबर आहे. पण हुंगताना नाक थेट वस्तूपाशी न्यायचं असतं आणि हवा छोट्या छोट्या हिसक्यांनी आत ओढायची असते. शेजारचा कुत्रा आपल्या चपला तपासतो तेव्हा बघ, सेकंदाला चार-पाच वेळा त्याचं नाक फुरफुरतं. ते हुंगणं. त्यामुळे माणूस हुंगतो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुत्रं-मांजर उभं राहतं. "स्वयंपाकघरात काय हुंगत फिरतोयस?" हे मामाला ऐकावं लागतं ते उगाच नाही. आमटीचा वास घेतात, किंवा दारातूनच म्हणतात, "काय घमघमाट सुटलाय!"

फूल मात्र माणसंही हुंगतात. फक्त देवासाठी तोडलेलं नाही. हुंगलं की ते उष्टं झालं, असं आजी म्हणते. तोंड न लावता उष्टं! तिच्या हिशेबाने फुलाचा सुवास पहिल्यांदा देवाने घ्यायचा. तू परडीत नाक घातलंस की ती का ओरडते, ते आता कळलं असेल. आणि महाभारतात तर आईबाप मुलाला जवळ घेऊन त्याचं डोकं हुंगतात. मस्तकाचं अवघ्राण करणं, असा भारदस्त शब्द आहे त्याला. तू तान्ही असताना तुझी टाळू मी किती हुंगली असेल! त्याला कुणी हसलं नाही.

खरी गंमत 'वास येणे'मध्ये आहे. "दुधाचा वास येतोय" म्हणजे कुठेतरी दूध तापतंय. "दुधाला वास येतोय" म्हणजे ते नासलं, ओतून टाक. मोज्यांना वास येतोय, पाण्याला वास येतोय, फडक्याला वास येतोय: नुसतं 'ला' लावून थांबलं की मामला वाईटच. चांगला वास असेल तर तसं सांगावं लागतं, "मोगऱ्याला काय सुंदर वास आहे!" आता हेच उलटं करून बघ. "गुलाबाला वासच नाही" ही तक्रार, आणि "दुधाला वास नाही" म्हटलं की हुश्श. "मला वास येतोय" मात्र बिनधास्त म्हण, तिथे फक्त तुझ्या नाकाला तो कळला, एवढंच. 'वास मारणे' कायम वाईट, तिथे सवलत नाही.

सुगंध, परिमळ हे लिहिण्यातले किंवा अभंग-कवितेतले शब्द. घरात ते फारसे कुणी बोलत नाही. घरातले शब्द जास्त नेमके आहेत. बेसन भाजायला घेतलं की आधी कच्चट वास येतो. तूप सुटायला लागलं की तो खमंग होतो. तेवढ्यात फोन वाजला आणि कलथा थांबला की करपट, आणि मग आपल्या छतावरचा अलार्म बोंबलतो. नीट न वाळलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, जुन्या खोबऱ्याला खवट. नाकात घुसतो तो दर्प, एकदम तोंडावर येतो तो भपकारा. हळूहळू पसरतो तो दरवळ.

पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाला मराठीत मृद्गंध म्हणतात. त्याचं इंग्रजी नाव, पेट्रिकोर, १९६४ साली इथल्याच, ऑस्ट्रेलियातल्या, दोन शास्त्रज्ञांनी ठेवलं: जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस. त्या वासातला एक मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते बनवतात मातीतले जिवाणू. हे वर्गात सांग, बाईंना आवडेल.

नाकाशी संबंध नसतानाही वास लागतो बरं का. बाबाच्या वाढदिवसाचा बेत आपण किती लपवला, तरी त्याला वास लागलाच. सुगावा लागला, कुणकुण लागली, काहीही म्हण. त्यात कुणकुण कानाची, पण कामाला तिघंही एकच.

बाकी सविस्तर रात्री बोलू. आणि हो, तुझ्या डब्याला वास येतोय. आजच्या आज घासून ठेव.

तुझी,
आई