लीगच्या बाकावरून राखीव जागांना विरोध

प्रश्न : संविधान सभेतील पंधरा स्त्रियांमध्ये बेगम कुदसिया ऐजाज रसूल या एकमेव मुस्लिम सदस्य होत्या आणि त्या मुस्लिम लीगच्या होत्या, असे वाचनात आले. विभक्त मतदारसंघ (मुस्लिम प्रतिनिधी फक्त मुस्लिम मतदारांनी निवडण्याची पद्धत) मागणाऱ्या पक्षातील बाईंना पुरोगामी म्हणणे कितपत योग्य आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपला आक्षेप गैरलागू नाही. बेगमसाहेबा लीगमध्ये केवळ नावापुरत्या नव्हत्या. मात्र त्यांची पहिली निवडणूकही लक्षात घ्यावी लागते. मालेरकोटल्याच्या नवाबी घराण्यात जन्मलेल्या आणि अवधातील संडीला येथील तालुकदाराच्या (मोठ्या जमीनदाराच्या) घरी सून म्हणून आलेल्या या बाई १९३७ साली संयुक्त प्रांताच्या (आजच्या उत्तर प्रदेशाच्या) विधान परिषदेसाठी उभ्या राहिल्या, त्याही स्त्रियांसाठी राखीव नसलेल्या जागेवरून. पडद्यात न राहणाऱ्या स्त्रीला मत देणे धर्माविरुद्ध आहे, असा फतवा उलेमांनी काढला. तरीही त्या निवडून आल्या आणि त्याच परिषदेच्या उपाध्यक्षाही झाल्या. पुढे जमीनदारी नष्ट करण्याच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या. तालुकदाराच्या घरात राहून अशी भूमिका घेणे सोपे नव्हते.

फाळणीनंतर लीगचे नेते चौधरी खलिकुझ्झमान पाकिस्तानात निघून गेले, बेगमसाहेबा येथेच राहिल्या. १९४७च्या ऑगस्टमध्ये संविधान सभेने विभक्त मतदारसंघ नाकारले, पण अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवल्या होत्या. मे १९४९ मध्ये त्याही काढून टाकण्याचा सरदार पटेलांच्या समितीचा प्रस्ताव चर्चेला आला, तेव्हा लीगचे मद्रासचे महंमद इस्माईल विभक्त मतदारसंघांची जुनीच मागणी लावून धरत होते आणि त्याच लीगच्या बेगमसाहेबा प्रस्तावाच्या बाजूने बोलल्या. राखीव जागा हे अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडणारे, स्वतःवरच उलटणारे शस्त्र आहे, असे त्यांचे म्हणणे होते. फाळणीनंतर बदललेल्या वाऱ्याकडे पाहून त्यांनी पक्षाच्या मागणीकडे पाठ फिरवली, असे म्हणणारे तेव्हाही असणार. परंतु राखीव नसलेल्या जागेवरून, फतव्याला न जुमानता निवडून आलेल्या बाईला या युक्तिवादाचा आधार स्वानुभवातच सापडला असावा, असे मला वाटते. म्हणूनच मी त्यांना पुरोगामी म्हणतो, लीगमधील वर्षे न लपवता.

पुढे त्या काँग्रेसमध्ये गेल्या, राज्यसभेवर आल्या, १९६९ ते १९८९ उत्तर प्रदेश विधानसभेत होत्या, काही काळ मंत्रीही होत्या. महिला हॉकीच्या संघटनेचे काम त्यांनी अनेक वर्षे पाहिले, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

बहुसंख्याकांच्या सदिच्छेवर त्यांनी टाकलेला विश्वास कितपत सार्थ ठरला, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो टाळता येत नाही. लोकसभेत त्या स्वतः कधीच पोहोचल्या नाहीत, आणि २०२४ साली निवडून आलेल्या ५४३ खासदारांत मुस्लिम स्त्रिया दोनच आहेत : कैरानाच्या इक्रा हसन आणि उलुबेरियाच्या सजदा अहमद.