उडते रोहित काळे का पडतात?

प्रश्न : भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची उड्डाणे टिपताना पक्षी काळपट येतात आणि चौकटीत मधोमध अडकल्यासारखे दिसतात. काय करावे?

उत्तर : कॅमेऱ्याचा प्रकाशमापक उजळ आकाशाला मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो आणि त्या भरात पक्षी काळवंडतो. आकाशाची पार्श्वभूमी असताना एक्स्पोजर (चित्रासाठी आत घेतला जाणारा प्रकाश) एक स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढवावे, हा नेहमीचा सल्ला ठीकच आहे. पण तोच थवा खाली उतरून काठावरच्या गर्द झाडीसमोरून जाऊ लागला, की मापक आता ती गडद झाडी उजळवू पाहतो आणि पांढऱ्या-गुलाबी पिसांतले बारकावे उडून जातात. पक्ष्यावर पडणारे ऊन मात्र तेवढेच असते, म्हणून मॅन्युअल मोडवर (सगळे आकडे आपणच ठरवतो तो मोड) पिसांच्या उजळ भागानुसार एक्स्पोजर ठरवून ते ऊन बदलेपर्यंत कायम ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास असावा. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा लागला, तरी थोडे नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, परवडते, हललेले चित्र परवडत नाही.

चौकट थोडी सैल ठेवून पक्ष्याच्या पुढे मोकळी जागा सोडावी. रोहित पाण्यावर धावत, वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उडतात. त्यामुळे वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी असतील, तेव्हा ते समोरून उजेडात मिळतात. नावाड्याला थवा उठवायला मात्र कधीही सांगू नये.