उ: सनरूफची काच सरकते, पडदा नाही. मोटर विकत घ्यायच्या आधी थांबा

सकाळी सनरूफचा (गाडीच्या छतातल्या सरकत्या काचेचा) आतला पडदा सरकतो, दुपारी ऑफिसातून निघताना ढिम्म, काच मात्र व्यवस्थित उघडते आणि वर्कशॉपवाले म्हणतात मोटर बदला. तुमचं हे वाचलं आणि माझाच दोन वर्षांपूर्वीचा मे महिना आठवला. मी सोलापूरचा. इथे मे महिन्यात छतावर काच असून पडदा अडकला म्हणजे काय होतं ते सांगायला नको. डोक्यावर टॉवेल टाकून गाडी चालवली आहे मी.

फ्यूज तुम्ही बघितलाच असेल. बॅटरी काढली की पडदा पुन्हा रीसेट करावा लागतो, हेही माहीत असेल. त्यात जात नाही.

माझी चूक सांगतो, ती चौदा हजारांना पडली. पुढच्या लाइटचा कन्सोल काढून पडद्याच्या मोटरचा कनेक्टर सोडवला (माझ्या गाडीत काचेची आणि पडद्याची मोटर वेगवेगळी आहे, तुमच्यात जागा वेगळी असू शकते). पिनांना मल्टिमीटर लावला. १२.४ व्होल्ट. सप्लाय आहे, अर्थिंग (करंट परत नेणारी, गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) आहे, तरी मोटर हलत नाही, म्हणजे मोटरच गेली. वर्कशॉपनेही तेच सांगितलं होतं, त्यामुळे शंका घ्यायचं सुचलंच नाही. नवी मोटर मागवली, बसवली, रीसेट केली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ढिम्म.

शेवटी जुन्या पुणे नाक्याकडच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी मीटरकडे बघितलंही नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला डाग देऊन जोडलेल्या दोन वायरी, एवढंच हत्यार. म्हणाले, "मालक, मीटर नुसता वास घेऊन सांगतो जेवण आहे म्हणून. पोट भरतंय का बघायला बल्ब लागतो."

कनेक्टरच्या दोन जाड वायरींवर बल्ब लावला, तर विडीच्या टोकासारखा लालसर. आता तिथेच मीटर धरला: ७.२. मग एक टोक अर्थच्या पिनवर आणि दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्यावर: ५ च्या वर. लोड असताना, म्हणजे बल्ब करंट ओढत असताना, इथे अर्ध्या व्होल्टच्या आतच आकडा यायला हवा. म्हणजे सप्लाय ठीक, मोटर ठीक, परतीची वाट बंद.

मीटरने फसवलं कसं? डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही. गंजलेला जोड, एका तारेवर लोंबकळणारी वायर, काहीही असलं तरी तो १२ दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तिथे जोड उघडा पडतो. दुपारीच का, याचं माझं उत्तर अंदाजाचं आहे: उन्हात पडदा जड सरकतो, मोटर जास्त ओढते आणि अधू जोड तेव्हाच हात टेकतो.

अर्थचा बोल्ट निघाला डाव्या बाजूला, पायाशी, ट्रिमच्या (आतल्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) मागे. वर हिरवट-पांढरी पूड. सनरूफचा पुढचा ड्रेन पाइप (पाणी खाली नेणारी नळी) धुळीने आणि कडुनिंबाच्या पाल्याने तुंबला होता. सप्टेंबरच्या पावसाचं पाणी पुढच्या काचेशेजारच्या खांबातून झिरपून थेट त्या बोल्टवर. पॉलिश पेपर, नवा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), वर थोडं ग्रीस. दोनशे रुपये घेतले त्यांनी, तेही मी बळेच दिले.

आता त्या वर्कशॉपबद्दल. नाव घेत नाही. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला नाही, स्कॅनिंगचे पैसे घेतले आणि जॉब कार्डावर लिहिलं "मोटर फेल". लोडवर किती व्होल्ट मिळाले, असं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याची जन्मपत्रिका मागितली. वर, इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही! माझं स्पष्ट मत: लोडवरचा आकडा जॉब कार्डावर लिहून देत नसतील, तर पार्टला हो म्हणू नका. सगळेच तसे नसतात, हेही मान्य.

दोन-तीन गोष्टी, पटल्या तर घ्या. मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट देऊ नका. बहुतेक नव्या मोटरींना कंट्रोल युनिट चिकटलेलं असतं, ते जळू शकतं. बल्बही फक्त जाड वायरींवर लावा, बारीक वायर सिग्नलची. खांबाचं ट्रिम काढायचं असेल तर आत कर्टन एअरबॅग (अपघातात बाजूने उघडणारी) असू शकते. बॅटरी काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, नाहीतर सरळ जाणत्याकडे जा. मी इलेक्ट्रिशियन नाही, तुमच्या गाडीचं वायरिंग वेगळं असेल. ड्रेनमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पाइप आतल्या आत सुटू शकतो. जाड नायलॉनची दोरी हळूहळू सरकवा. पडद्याच्या रुळांना तेल तर अजिबात नको, आपल्याकडच्या धुळीने चार दिवसांत चिखल होतो.

बल्ब लावून बघा आणि तीन आकडे इथे टाका: लोडशिवाय, लोडवर, आणि अर्थ ते बॉडी. माझी जुनी मोटर कपाटात पडून आहे, ठणठणीत. मॉडेल जुळलं आणि तुमची खरंच गेलेली निघाली, तर घेऊन जा.