पोर्सिलेनमध्ये बुडबुडे का राहतात?

प्रश्न : क्राऊनवर (दातावर बसवायच्या टोपीवर) पोर्सिलेन, म्हणजे चिनी मातीसारख्या भुकटीचा ओला लगदा, चढवताना टिश्यूने पाणी भरपूर टिपते, तरी भाजल्यावर आत बुडबुडे दिसतात. शिवाय दात लहान होतो. काय चुकतं?

उत्तर : टिपण्याआधी हलवता का? क्राऊन धरलेल्या चिमट्याच्या दांड्यावर खाचा असलेलं हत्यार हळूच घासा. कंपनाने कण जवळ सरकतात, पाणी वर येतं. पृष्ठभाग चमकला की लगेच टिश्यू. पुन्हा कंपन, पुन्हा टिश्यू. जोर लावलात तर कडा ढासळतात. आणि थर मध्येच वाळू देऊ नका, कोरड्यावर ओलं चढवलं की हवा अडकलीच! लहान होणं मात्र अटळ. भाजताना आकारमान ३०-४० टक्के घटतं, तेव्हा दात थोराडच रचा. भट्टीच्या तोंडाशी ५-७ मिनिटं वाळवा, नाहीतर वाफेने थर उडतो. घाईच्या दिवशीही मी हे टाळत नाही.