एसीचा गॅस दर दोन-तीन महिन्यांनी संपतो, पण गॅरेजमध्ये 'लीक नाही' म्हणतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते असं: सहा वर्षांची छोटी गाडी, वास्को-पणजी रोजचा फेरा, वर्षात तीनदा गॅस भरला, आणि अर्धा तास प्रेशर लावून 'लीक नाही' असं सांगण्यात आलं. माझ्या मते त्या अर्ध्या तासातच सगळा घोळ आहे.

जरा हिशेब करू. अशा गाडीत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आर-१३४ए (एसीचा गॅस) बसतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. त्यातला निम्मा तीन महिन्यांत गेला, तर दिवसाला अडीच ग्रॅम झाले, म्हणजे तासाला जेमतेम ग्रॅमचा दहावा भाग. एवढ्याने अर्ध्या तासात गेजचा काटा हलणारच नाही. नायट्रोजन १५० ते २०० पीएसआय (दाबाचं माप) भरून गाडी रात्रभर ठेवायला सांगा. सकाळचा आकडा बघताना हवामान विसरू नका: संध्याकाळी ३२ अंशांवर २०० भरलं असेल आणि पहाटे २६ अंश असतील, तर गळती नसतानाही चारेक पीएसआय उतरतं. दहा उतरलं तर गळती आहे. आधी गेजच्या होजचे वायसर मात्र तपासून घ्या, कित्येकदा गळतात तेच.

नायट्रोजन रेग्युलेटर लावूनच भरायचा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा चालत नाही, आपल्याकडे त्या हवेत पाणीच फार. ऑक्सिजनचा तर विचारही नको, एसीतल्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. आणि 'व्हॅक्युम (पंपाने आतली हवा ओढून केलेली पोकळी) टिकला म्हणजे लीक नाही' हेही मानू नका. व्हॅक्युममध्ये बाहेरचा दाब ओ-रिंगला आत ओढून बसवतो. गाडी चालू असताना आतून २०० पीएसआयच्या वर रेटा असतो, तेव्हा तीच ओ-रिंग सोडते.

आता कुठे शोधायचं ते. गॅससोबत तेलही बाहेर येतं, त्यावर आपली तांबडी धूळ बसते आणि चिकट काळपट-लाल डाग पडतो. टॉर्च घेऊन पाइपचे सांधे, होजचे क्रिम्प (धातूची दाबून बसवलेली टोकं) आणि कॉम्प्रेसरच्या क्लचमागची बाजू बघा. क्लचमागे तेल उडालेलं दिसलं तर शाफ्ट सील, म्हणजे कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील, गेलं. सर्व्हिस पोर्टचं झाकण काढून व्हॉल्व्ह पिनवर साबणाचा फेस लावा. चिल्लर किमतीची पिन गळत असते आणि लोक डॅशबोर्डमधली कूलिंग कॉइल बदलून बसतात.

तुमच्या रस्त्याचा विचार केला तर पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे पुढच्या जाळीमागे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर, जातो. खाऱ्या वाऱ्यात त्याच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्या पांढऱ्या भुकटीसारख्या झडतात आणि पातळ नळ्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. बहुधा खालच्या कोपऱ्यात, जिथे चिखल साचून राहतो. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, पण शेजारची नळीही तितकीच कुजलेली असते. नवाच घाला.

कंडेन्सर निर्दोष निघाला तर डॅशबोर्डमधली कूलिंग कॉइल. डॅश उतरवण्याआधी खात्री करून घ्या: थोडा आर-१३४ए आणि वर नायट्रोजन भरून, ब्लोअर बंद ठेवून पंधरा मिनिटं थांबा, मग गाडीखाली पाणी टपकतं त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरा. हा गॅस हवेपेक्षा जड, खालीच उतरतो. कॉइलच निघाली तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणारा) आणि सगळ्या ओ-रिंग त्याच वेळी बदला. डॅश दुसऱ्यांदा उघडायची मजुरी कशाला भरायची? केबिन फिल्टर नसेल तर तोही बसवा, ओला कचरा कॉइलवर कुजला की ती लवकर जाते.

सिस्टिम उघडली की ड्रायर (आतला ओलावा शोषणारा भाग) बदलायचाच. बऱ्याच गाड्यांत तो कंडेन्सरच्या कडेलाच असतो, नव्यासोबत येतो. ओ-रिंग एसीच्याच, त्याच जातीचं तेल लावून. नळावरचं रबर नको. तेल स्टिकरवरच्या ग्रेडचंच. कंडेन्सर बदलला तर साधारण ३० ते ४० मिली, कॉइल बदलली तर ४० ते ५० मिली नव्याने घालतात. कंपनीचा तक्ता मिळाला तर तोच खरा. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नेहमीचं पीएजी तेल चुकूनही नको, तिथल्या कॉम्प्रेसरच्या विजेच्या इन्सुलेशनला ते घातक.

मग व्हॅक्युम. गेजवर २९ इंचांपर्यंत (पाऱ्याच्या मापाने), ४५ मिनिटं. जून ते सप्टेंबरात तासभर. पंप कमजोर असेल आणि काटा २७-२८वरच अडला, तर आतलं पाणी उकळून निघत नाही. ते एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतं, म्हणून एसी वीस मिनिटं थंड, मग गरम, परत थंड असा खेळ चालतो. शिवाय तेलाशी मिळून आम्ल होतं ते वेगळंच.

गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा, 'गार लागतंय का' विचारून नव्हे. लहान सिस्टिममध्ये शंभर ग्रॅम जास्त झाले तरी मे महिन्यात हाय साइड (कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचा दाब; आधीच्या बाजूचा तो लो साइड) चढते आणि कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. भरल्यावर दारं उघडी, ब्लोअर पूर्ण, इंजिन १५०० आरपीएम: साध्या कॉम्प्रेसरला ३२ अंशांत लो साइड ३० ते ४० आणि हाय २०० ते २५० पीएसआयच्या आसपास दिसायला हवी.

'लीक बंद करणारा' डबा घालू देऊ नका. ते रसायन ओलाव्याशी गाठ पडली की घट्ट होतं, व्हॉल्व्ह तुंबवतं, आणि मग कुणी आपलं रिकव्हरी मशीन (गाडीतला गॅस काढून घेणारं) त्या गाडीला लावत नाही.

बिलावर गॅस किती ग्रॅम भरला ते लिहून घ्या. सहा महिन्यांनी रिकव्हरी मशीनने काढून तोलायला लावा. पंधरा-वीस ग्रॅमचा फरक होज लावण्या-काढण्यातही जातो, शंभरच्या पुढे गेला तर सांधा अजून कुठेतरी सुटतो आहे.