वाचकांचे प्रश्न: ज्वारीच्या पानांचा आलेख मध्येच का खचतो?

प्रश्न : रब्बी ज्वारीवर प्रयोग करते आहे, अंतर 45 × 15 सेंमी. दर दहा दिवसांनी प्रत्येक वाफ्यातल्या पाच ताटांच्या पानांचे क्षेत्रफळ लांबी × रुंदी × 0.75 या सूत्राने काढते. चाळिसाव्या दिवसाचा आकडा तिसाव्यापेक्षा कमी आला. गुणांक चुकला का? पुढे वृद्धीवक्रही बसवायचा आहे.
— विद्यार्थिनी, शिवाजीनगर, पुणे

उत्तर : गुणांक चुकला असता तर सगळेच आकडे सारख्या प्रमाणात वर-खाली झाले असते. बहुधा तुम्ही दरवेळी नवी ताटे निवडता. विरळणीनंतर (जादा रोपे उपटल्यावर) चिठ्ठ्या टाकून पाच ताटे ठरवा, सुतळी बांधा आणि शेवटपर्यंत तीच मोजा. पाचव्या पानावर ऑइलपेंटचा ठिपका द्या, ते वाळायच्या आत दहाव्यावर. खालची पाने गळाली की खुणेशिवाय नंबर हमखास चुकतो.

लांबी पाते ताटाच्या वेष्टनापासून सुटते तिथून टोकापर्यंत घ्या. रुंदी सर्वांत रुंद जागी घ्या, मधोमध नव्हे. मोजणी सकाळीच उरका. पाण्याचा ताण असेल तर दुपारी पाते गुंडाळते आणि रुंदी कमी भरते. पोंग्यातल्या (शेंड्याच्या गुंडाळीतल्या) अर्धवट उलगडलेल्या पानाला 0.75 लागू पडत नाही. ते धरायचे की सोडायचे याचा नियम एकदाच ठरवा.

गुणांक मात्र स्वतःच्या वाणावर तपासाच. खालची, मधली, वरची मिळून तीस पाने आलेख कागदावर आखा. अर्ध्याहून जास्त झाकलेला चौकोन पूर्ण धरा, कमी असेल तर सोडा. प्रत्यक्ष क्षेत्रफळ आणि लांबी × रुंदी यांची शून्यातून जाणारी रेषा काढली की तिचा उतार हाच तुमचा गुणांक.

मोठी चूक पुढे होते. 45 × 15 म्हणजे दर ताटाला 675 चौ. सेंमी जमीन. ताटाची पाने 2025 चौ. सेंमी भरली तर पर्णक्षेत्र निर्देशांक (पानांचे क्षेत्रफळ भागिले जमिनीचे क्षेत्रफळ) 3 येतो. पण तूट पडून चौरस मीटरला 15 ऐवजी 11 च ताटे उरली असतील, तर खरा निर्देशांक सुमारे 2.2. म्हणून ताटे मोजून घ्या, कागदावरच्या अंतरावर विसंबू नका.

वक्रासाठी आडव्या अक्षावर दिवसांऐवजी उष्णतामान-दिवस घ्या : कमाल-किमान तापमानाची सरासरी वजा पायाभूत तापमान (ज्याखाली पिकाची वाढ थांबते), जे ज्वारीसाठी बऱ्याचदा 8 अंश धरतात. 32 आणि 20 अंशांचा ऑक्टोबरचा दिवस 18 देतो, 30 आणि 12 अंशांचा डिसेंबरचा 13 च. थंडीत पाने हळू का वाढली, ते यातून उलगडते.

लॉजिस्टिक वक्र वर चढून सपाट होतो, खाली येत नाही. हिरव्या पानांच्या आकड्यांवर तो सरळ बसवला तर वाळलेली पाने कमाल मर्यादा खाली ओढतात. त्यामुळे आतापर्यंत आलेल्या सगळ्या पानांच्या बेरजेवर एक वक्र, वाळलेल्या क्षेत्रफळावर दुसरा, आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे हिरवे क्षेत्र. पोटरीच्या (कणीस वरच्या पानाच्या वेष्टनात फुगते त्या अवस्थेच्या) आसपास मात्र दर पाच दिवसांनी मोजा; वक्र कुठे सपाट होतो ते तिथेच ठरते.

प्रश्न : मोबाइलच्या फोटोवरून क्षेत्रफळ काढले तर?
— वाचक, हडपसर

उत्तर : चालते. पान काचेखाली सपाट दाबा, शेजारी त्याच पातळीवर पट्टी ठेवा, फोन बरोबर वरून धरा. पट्टीच्या मापात 5 टक्के चूक झाली तर क्षेत्रफळात सुमारे 10 टक्के होते, कारण ती लांबी-रुंदी दोन्हीत शिरते.